श्रीगुरू हैबतबाबा : आजचा हिशेब, उद्याची वाट

आळंदीला माउलींच्या महाद्वारातून आत जाताना वारकरी आधी पायरीशी वाकतो. पायरीला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो आणि मगच पुढे पाऊल टाकतो. ती पायरी श्रीगुरू हैबतबाबा आरफळकरांची. पंढरीला जशी नामदेवरायांची पायरी, तशी आळंदीला हैबतबाबांची. कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीचे पूजन होते आणि मगच माउलींच्या संजीवन समाधीचा कार्तिकी सोहळा सुरू होतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखीचे प्रस्थान असते, तेव्हाही श्रीगुरू हैबतबाबांच्या वतीने माउलींची आरती होते. बाबांना देह ठेवून पावणेदोनशेहून जास्त वर्षे झाली, पण सोहळ्यात त्यांचा शब्द अजून चालतो.

आमच्या दिंडीला यंदा शंभर वर्षे पूर्ण झाली. या स्मरणिकेत संतांची चरित्रे पुष्कळ आहेत. हैबतबाबांचे चरित्र मात्र आम्ही मुद्दाम मागून घेतले. कारण सरळ आहे. आपण ज्या रांगेत चालतो ती रांग त्यांनी लावली. आणि दुसरे कारण असे, की हा मनुष्य आयुष्याच्या अर्ध्या वाटेवर एकदम वळला. ते वळण त्यांनी कसे घेतले, घेण्याआधी काय केले आणि घेतल्यावर पुढची तजवीज कशी लावली, हे आज आपल्या घराघरांत उपयोगी पडणारे आहे. कुणाची नोकरी संपते, कुणाची जमीन वाटणीत जाते, कुणाचा जोडीदार जातो, कुणाची पोरं पुण्या-मुंबईला जातात आणि घर रिकामं होतं. अशा वेळी देव आठवतो हे खरं. पण देवापुढं बसून नेमकं काय करायचं, हे बाबांच्या चरित्रात सापडतं.

बाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. घराणे पवारांचे. हैबतराव हे नाव. तरुणपणी ते ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी गेले आणि सरदार म्हणून नाव कमावले. तो काळ धामधुमीचा होता. मराठ्यांच्या फौजा उत्तरेपर्यंत पसरल्या होत्या आणि पुढे १८१८ साली पुण्याची पेशवाई बुडाली. राज्ये बदलत होती, पदरची फौज मोडत होती, आणि तलवारीवर पोट असलेल्या कितीतरी घरांपुढे उद्या काय, हा प्रश्न उभा राहत होता.

फौजेतली नोकरी म्हणजे नुसती लढाई नव्हे. वर्षातले लढाईचे दिवस थोडेच. बाकी सगळे दिवस चालण्याचे आणि मुक्कामाचे. हजारो माणसे, जनावरे, दाणागोटा, तंबू, पाणी. पहाटे कूच कधी, पुढे कोण, मागे कोण, निशाण कुठे, नगारा कधी वाजायचा, रात्री तळ कुठे पडायचा. एकाची चूक झाली की हजारांचे हाल. हैबतरावांच्या अंगात ही विद्या मुरली होती. आणि त्याच अंगात दुसरीही एक गोष्ट होती, ती माउलींची भक्ती. कमरेला तलवार आणि ओठांवर हरिपाठ, अशी ही जोडी.

पुढची कथा वारकऱ्यांच्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती आम्ही ऐकली तशीच सांगतो. हैबतराव बरीच वर्षे चाकरी करून, मिळालेले धन बरोबर घेऊन गावाकडे निघाले. सोबत काही माणसे होती. सातपुड्याच्या रानात भिल्लांच्या टोळीने त्यांना गाठले. जवळचे सगळे लुटले, त्यांना सोबत्यांसह एका गुहेत कोंडले आणि गुहेच्या तोंडाशी मोठी शिळा लावली.

आता विचार करा. काल सरदार, आज कैदी. काल मोहरांची थैली, आज पाण्याचा थेंब नाही. गावी वाट बघणारी माणसे आणि इथे काळोख. हैबतराव माउलींना शरण गेले आणि हरिपाठ सुरू केला. एकवीस दिवस तो चालला असे परंपरा सांगते. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाच्या घरी मुलगा जन्माला आला. त्या आनंदात शिळा बाजूला झाली आणि कोंडलेली माणसे सुटली. रानातल्या त्या माणसांच्या मनातही माउलीच जागी झाली, असे आमचे वडीलधारे ही कथा सांगताना आवर्जून म्हणत.

ही कथा ऐकताना आपले लक्ष शिळेकडे असते. शिळा कधी सरकते, याकडे कान असतात. पण माउली, त्या एकवीस दिवसांकडे बघा. काम खरं तिथं झालं. हरिपाठ मोठा नाही. सावकाश म्हटला तरी घटका-दोन घटकांत होतो. उरलेला सारा दिवस आणि सारी रात्र माणूस आपल्यापाशी एकटा उरतो. बाहेर बघायला काही नाही, म्हणून आत बघावं लागतं. हैबतरावांच्या मनात तेव्हा काय काय आले, ते कुणी लिहून ठेवलेले नाही. पण त्यांनी पुढे जे केले त्यावरून एवढे कळते, की गुहेतून बाहेर आलेला मनुष्य आपला हिशेब मांडून बाहेर आला होता. काय गेले, काय उरले आणि उरलेले कुणाचे, हे त्याला समजले होते. धन गेले. मान गेला. प्राण उरला आणि विद्या उरली. प्राण ज्याने राखला, तो आणि ती विद्या त्याच्याच पायाशी ठेवायची, हे ठरले.

सुटका झाल्यावर हैबतराव आळंदीला आले आणि तिथलेच झाले. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. त्यांनी आल्या आल्या मोठा बेत मांडला नाही. काल फौज हाकणारा मनुष्य आज देवळात येऊन हुकूम सोडू लागला नाही. ते माउलींच्या समाधीपुढे सेवा करत राहिले. रात्री समाधीपुढे उभे राहून भजन करायचे, हा त्यांचा नेम होता. आयुष्य बदलल्यावर लगेच धावायचे नाही, आधी थांबायचे, हे त्यांनी करून दाखवले. आपल्याकडे उलटं होतं. नोकरी संपली की महिन्याभरात दुकान काढायचं, हातचे पैसे घालायचे आणि वर्षानं शटर ओढायचं. किंवा घरातलं माणूस गेलं की दहाव्या दिवशीच शेत विकायची भाषा. मन गढूळ असताना घेतलेला निर्णय गढूळच निघतो. इंद्रायणीचे पाणी ढवळले तर तळ दिसत नाही. ते स्थिर होऊ द्यावे लागते. बाबांनी आपले पाणी स्थिर होऊ दिले.

मग त्यांना दिसले ते वारीचे काम. वारी फार जुनी, ज्ञानोबांच्याही आधीपासूनची. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली तिला पालखीचे रूप दिले. तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन देहूहून आळंदीला यायचे, माउलींच्या पादुका सोबत घ्यायच्या आणि ज्ञानोबा-तुकोबांचा एकत्र गजर करत पंढरीला जायचे, असा तो सोहळा. ही रीत दीडशे वर्षांच्या आसपास चालली. पुढे पालखीच्या मानावरून मतभेद झाले. अशा वेळी हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा आळंदीहून सुरू केला. १८३२ च्या सुमाराची ही गोष्ट. भांडण कोण जिंकतो हे बघत न बसता, माउलींची वारी चुकू नये एवढेच त्यांनी पाहिले. आणि देहूची वाट देहूकरांनी चालवली. आजही दोन्ही पालख्या आपापल्या वाटेने निघतात, वाखरीला जवळ येतात आणि एकाच विठोबाच्या पायी जातात. वेगळे होणे म्हणजे वैरी होणे नव्हे. वाटणी झालेल्या भावांनी हे एवढं एक जरी मनात धरलं तरी पुष्कळ कोर्टकचेऱ्या मिटतील.

आता तजवीज कशी लावली ते बघू. पालखी काढायची म्हणजे श्रद्धा लागतेच, पण नुसत्या श्रद्धेवर पावसाळ्यात अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट होत नाही. देवाला निवारा लागतो, नैवेद्य लागतो, पुढे चालायला अश्व लागतो. बाबांकडे पैसा नव्हता, पण कुणाकडे मागावे याची जाण होती. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीचे शितोळे सरकार हे सरदार घराणे. त्यांनी माउलींसाठी तंबू, अश्व आणि नैवेद्याची सेवा पत्करली. ती सेवा त्या घराण्याने आजतागायत सोडलेली नाही. दरवर्षी अंकलीहून अश्व चालत आळंदीला येतात, तेव्हा आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांच्या टापांची धूळ कपाळाला लावतो. माणसांची जोडही बाबांनी लावली. वासकर, शेडगे अशा फडा-दिंड्यांच्या भजनी मंडळींना त्यांनी सोबत घेतले. एकट्याच्या नावावर सोहळा ठेवला नाही.

आणि मग फौजेतली ती जुनी विद्या बाहेर आली. सोहळ्याची चाल बघा. सर्वांत पुढे नगारा. मग अश्व. मग दिंड्या, मग माउली, पुन्हा दिंड्या. प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली, कुणी कुणाला ओलांडायचे नाही. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, मग विणेकरी, मागे तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या माउल्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणत्या वेळी कोणते भजन, कोणत्या वारी कोणते अभंग, हेही ठरलेले. चोपदाराचा दंड वर गेला की हजारो टाळ एकदम थांबतात. आज दिसते ते सगळेच बाबांच्या हयातीतले नाही. रथ आला, दिंड्यांचे आकडे वाढले, माणसे लाखांवर गेली. पण पाया त्यांचा. आज रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि रथामागे कितीतरी, तरी कुणी हरवत नाही, ते त्या पायामुळे.

यात एक गंमत आहे आणि तिच्यातच सगळा अर्थ आहे. बाबांनी शिपाईपण टाकून दिले नाही. नगारा तोच, निशाण तेच, घोडा तोच, कूच आणि मुक्काम तेच. फक्त धनी बदलला. दोन अश्वांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार बसतो. दुसऱ्या अश्वाची पाठ मोकळी असते, कारण तिथे माउली बसलेली आहे. ज्या घोड्यावर कधी काळी सरदार बसत, त्या घोड्यावरून सरदार खाली उतरला आणि माउलीला बसवून आपण पायी चालू लागला. आयुष्य बदलते तेव्हा आपल्याला वाटते, आता सगळे पुसून नव्याने सुरुवात. बाबांचे चरित्र सांगते, की आजवर शिकलेले काही फुकट जात नाही. पाठीवरून आपण उतरायचे, एवढेच.

आमच्या दिंडीत हे रोज दिसते. एसटीत तीस-तीस वर्षे गाडी हाकलेले गृहस्थ निवृत्त झाल्यावर घरी चिडचिड करत बसले नाहीत. दिंडीचा ट्रक त्यांनी हाती घेतला. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी भिशीचा हिशेब पैसा-पैशाने ठेवतात. मुले शहरात गेल्यावर घर खायला उठते म्हणणारी माउली आता दोनशे माणसांच्या भाकरीचं पीठ कुणाला न विचारता अचूक मोजून देते. यांनी काही नवीन शिकलं का? नाही. जे हातात होतं तेच दुसऱ्याच्या पायाशी ठेवलं.

आता सोहळ्यातली एक रीत सांगतो. तुम्ही ती शंभरदा पाहिली असेल, पण या नजरेने एकदा बघा. मुक्कामाच्या तळावर पालखी आली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या माउलींभोवती गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतात आणि क्षणात शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. बाकी सगळीकडे सामसूम आणि एका कोपऱ्यात टाळ. मग चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकतात, ती मालक-मानकऱ्यांपुढे येते आणि तिथेच निवाडा होतो. टाळ थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. मग उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगितले जाते. आणि मग आरती.

मंडळी, यापेक्षा वेगळे आत्मपरीक्षण ते काय असते? दिवसाची तक्रार दिवसाला ऐकायची. हरवले काय, सापडले काय ते उघड सांगायचे. उद्याची वेळ ठरवायची. आणि हे सगळे आरतीच्या आधी, कारण मनात खळखळ ठेवून केलेली आरती देवापर्यंत पोहोचत नाही. लाखोंचा सोहळा दर मुक्कामाला जे करतो, ते एकट्या माणसाला आपल्या घरात करता येत नाही का?

येतं. रात्री हरिपाठ झाला की लगेच उठू नये. पाच-दहा मिनिटं तिथंच बसावं. मनाचा चोपदार दंड वर करू द्यावा. बाहेरचं सगळं थांबलं की आतला कुठला टाळ अजून वाजतोय ते ऐकू येतं. भावाचा राग असेल, मुलाची काळजी असेल, गुडघे साथ देत नाहीत आता वारी कशी होणार ही भीती असेल. जो टाळ वाजतोय त्याच्यापाशी जावं, त्याला दाबू नये. दाबलेला टाळ दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावर वाजतो, घरातल्या माणसांवर वाजतो. मग मोजावं, आज काय हरवलं आणि काय सापडलं. शेवटी उद्याची एक गोष्ट ठरवावी. एकच. दहा नव्हेत. आळंदीहून निघताना कुणी पंढरीचा विचार पायात आणत नाही. पायात असतो तो पुढचा मुक्काम. पंढरी मनात आणि मुक्काम पायात, अशी वाट सरते.

पण उद्याचा विचार म्हणजे फक्त आपल्या उद्याचा नव्हे. बाबांचे खरे मोठेपण इथे आहे. त्यांनी सोहळा असा लावला, की आपण नसताना तो चालावा. सेवा घराण्यांकडे दिली, जागा दिंड्यांना नेमून दिल्या, नियम एकट्याच्या डोक्यात न ठेवता सगळ्यांच्या पायांत घातले. बाबा गेले, कंपनी सरकार गेले, इंग्रज गेले, आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी निघतेच आहे. सोहळ्याच्या मालकीचा मान आरफळकर घराण्याकडे आजही आहे. पण त्या घराण्याच्या मूळ पुरुषाने स्वतःसाठी जागा कोणती घेतली? महाद्वारातली पायरी. सरदार म्हणून जगलेल्या माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखालची जागा घेतली. पुढची तजवीज लावणाऱ्याने शेवटी असे व्हायचे असते. लोकांनी आपल्यावर पाय ठेवून पुढे जायचे आणि आपण त्यांना दाराशी उभे राहून आत सोडायचे.

शंभर वर्षांची दिंडी चालवणाऱ्या आम्हा सगळ्यांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे. आमचे विणेकरी सत्तरीच्या पुढे आहेत. परंपरेच्या चाली येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तळावर जागा कुठली, पाण्याचा टँकर कुणाला सांगायचा, कुठल्या गावात कुणाच्या घरी पंगत, हे सगळं दोन-तीन म्हाताऱ्या डोक्यांत आहे. तरुण पोरं येतात, हौसेनं येतात, पण कामावरच्या सुट्टीमुळं चार मुक्काम चालून परततात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचे जग बदलले आहे. बाबांचेही बदललेच होते. मोबाईल हाती असणारं पोरगं मुक्कामांची यादी आणि घरांचे पत्ते नीट लिहून काढेल. त्याच्या हातातली विद्या ती आहे. ती माउलीच्या पायाशी ठेवायला त्याला आपण जागा दिली पाहिजे.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. दिंडीतल्या प्रत्येक सेवेला, मग ती वीणा असो की चूल, यंदापासून दोन-दोन जोडीदार शिकायला द्यायचे. तळाची, पंगतीची आणि चालींची सगळी माहिती एका वहीत उतरवून ठेवायची. आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावर, परतीला लागण्याआधी, सगळ्यांनी एकदा गोल बसायचे. ज्याचा टाळ वाजत असेल त्याने तिथेच बोलायचे, सगळ्यांनी ऐकायचे आणि पुढल्या वर्षीचे एक काम ठरवून उठायचे.

नीरा ओलांडताना माउलींच्या पादुकांना स्नान होते आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते, म्हणजे बाबांच्या मुलखात येते. ज्या मुलखाकडे ते मोहरा घेऊन निघाले होते, त्या मुलखात ते माउलींना घेऊन आले. यंदा नीरेच्या पुलावर पाय ठेवाल तेव्हा घटकाभर ही आठवण ठेवा. आणि त्या दिवशी मुक्कामावर हरिपाठ झाला की लगेच उठू नका.

रामकृष्ण हरी.